भुऱ्या हेल्याची कांडी

सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायची काच मॅडम आधी स्वतःच्या गालाला लावायच्या. डोळे मिटून, क्षणभर, आई बाळाच्या दुधाची बाटली लावून पाहते तशी. शेजारीच काच ऊन ठेवणारं यंत्र असायचं, त्यावर लाल आकडा दिसत असायचा, तरीही. मी एकदा म्हटलं, मॅडम, यंत्र सदतीस सांगून राहिलं ना, मंग गाल कशाले? त्या म्हणाल्या, "यंत्राले ताप आला तं ते कोनाले सांगन, भाऊ?"

ही गाल लावायची सवय त्यांना सगळीकडे होती. चहाचा पेला गालाला, भाकरीचा डबा गालाला. माझ्या मुलीच्या बारशाला आल्या तेव्हा पाळण्यातून बाळाचा पाय उचलून गालाला लावला आणि भर बायकांत जाहीर केलं, "सदतीस. बरोबर हाय." माझ्या सासूबाईंना अजून कळलेलं नाही की तो आशीर्वाद होता की तपासणी.

आमचं काम काय ते आधी सांगतो, म्हणजे तुमचा गोंधळ व्हायला नको. अकोल्याच्या ज्या केंद्रात आम्ही होतो तिथे वळू आणि हेले पाळलेले आहेत. हेला म्हणजे रेडा, आमच्या वऱ्हाडात हेलाच म्हणतात. त्यांचं रेत बारीक नळ्यांमध्ये भरून द्रव नत्रात गोठवतात. त्या नळीला आम्ही कांडी म्हणतो. कांडी वर्षानुवर्षं टिकते. गावचा डॉक्टर ती कोमट पाण्यात वितळवतो आणि माजावर आलेल्या गायी-म्हशीला भरतो. पण केंद्रातून कांड्या बाहेर पडण्याआधी प्रत्येक खेपेतली एखाद-दुसरी कांडी वितळवून पाहायची असते. थंडीतून किती शुक्राणू उठले, किती सरळ पोहतात आणि किती नुसतेच जागेवर वळवळतात. निदान निम्मे पोहले तर खेप पास. नाहीतर सगळी खेप फेकायची. हे नजरेने ठरवायचं. पहिली नजर मॅडमची, त्या जनावरांच्या डॉक्टर. दुसरी माझी, मी त्यांचा सहायक. दोघांनी वेगवेगळं पाहायचं आणि मग ताडून घ्यायचं.

मी अमरावतीचा. बदलून आलो त्या दिवशी त्यांनी मला वर-खाली पाहिलं आणि म्हणाल्या, "अमरावतीचे काय? मंग बोलाले गोड असान. इथं गोड नाई चालत."

बाहेरून खरखरीत आणि आतून लोणी अशी माणसं तुम्ही पाहिली असतील. मॅडम तशा नव्हत्या. त्या बाहेरून खरखरीत होत्या आणि आतूनही बऱ्यापैकी खरखरीतच होत्या. माया होती, पण ती रागावूनच बाहेर यायची. मी तापात कामावर आलो तर "इथं जंतू पसरवाले आले का?" असं म्हणून हाकलायच्या आणि संध्याकाळी घरी मुगाच्या खिचडीचा डबा यायचा. डब्यावर चिठ्ठी नाही, निरोप नाही. डबा परत करताना धुतला आहे की नाही हे मात्र तपासायच्या.

रेत गोठवण्याआधी त्यात जे मिश्रण घालतात, त्यात अंड्याचा पिवळा बलक लागतो. थंडीत शुक्राणूंना तेवढंच पांघरूण. आता मॅडम जुन्या अकोल्यातल्या भिक्षुकाच्या घरच्या. वडील गावभर सत्यनारायण सांगायचे. बाईंनी जन्मात अंडं खाल्लं नाही, पण फोडायच्या असं की पाहत राहावं. बलक कागदावरून अलगद लोळवायच्या, पांढऱ्याचा थेंब राहू द्यायच्या नाहीत आणि बलक फुटूही द्यायच्या नाहीत. "बाबानं पाह्यलं असतं तं घरातून काढलं असतं," म्हणायच्या, आणि पुढचं अंडं घ्यायच्या. पिवळा हेल्याला आणि पांढरा स्टाफला, असा आमचा नियम. आठवड्यातून दोनदा पांढऱ्याची भुर्जी. इतकी वर्षं खाल्ली की आता लग्नाच्या पंगतीत कोणी भुर्जी वाढली तर मी ताट उचलून पळेन.

घरी आई आणि त्या, दोघीच. लेक नेमकं काय करते हे सांगायची आईला लाज वाटायची, म्हणून ती शेजारपाजारी सांगायची की लेक सरकारी डॉक्टर आहे, आणि तिथेच थांबायची. कोणी पुढे विचारलं तर म्हणायची, "थंड गोष्टींचं काहीतरी असतं बाई." मॅडम हे आम्हाला नक्कल करून सांगायच्या. आईच्या नकलेतही त्यांचा आवाज करडाच राहायचा.

पण मला त्यांचं जे खरं सांगायचंय ते वेगळंच आहे. तपासणीला बसल्या की पहिलं वाक्य ठरलेलं, "नंबर झाका." प्रत्येक कांडीवर हेल्याचा नंबर छापलेला असतो. त्यावर मी कागदाची पट्टी चिकटवून द्यायची, आपला आकडा सांगून झाला की मगच पट्टी काढायची. असं करायचा कुठलाही हुकूम नव्हता. मी कंटाळून विचारलं तेव्हा म्हणाल्या, "जनावर कोनतं ते समजलं का माहे डोये लबाड होतात. तुमचे नाई होत का?" होतात. सगळ्यांचे होतात.

दुसरं म्हणजे एकदा पाहून त्यांचं भागायचं नाही. तीच कांडी ऊन पाण्यात ठेवून तासाभराने पुन्हा पाहायच्या. थंडीतून उठल्या उठल्या सगळेच उड्या मारतात, तासाभराने अर्धे गार पडलेले असतात. "उठनं सोपं हाय भाऊ, टिकनं कठीन." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की घरी सकाळी व्यायामाला उठलो की बायको तेच ऐकवते.

आता भुऱ्या हेल्याकडे येतो. पूर्णा नदीच्या काठी आमच्याकडे म्हशीची एक जुनी जात आहे. भुरी, म्हणजे पिवळट पांढऱ्या रंगाची, शेपटीचा गोंडाही पांढरा. तो सगळा भाग खारपाण पट्टा, विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. ही म्हैस ते पाणी पिते, अकोल्याचा उन्हाळा काढते आणि वर दाट दूध देते. पण लोकांनी जास्त दुधाच्या हव्यासाने बाहेरच्या काळ्या हेल्यांचं रेत भरून घेतलं आणि भुरी दिसेनाशी होऊ लागली. मॅडमना याचा फार घोर होता. हिवरखेडकडच्या एका म्हाताऱ्या गवळ्याकडे भुऱ्या म्हशींचं चांगलं खांड, म्हणजे कळप, राहिलं होतं. त्याच्याकडून त्यांनी एक हेला केंद्रासाठी निवडला. मी सोबत होतो. काका द्यायला तयार नव्हते. मॅडम त्यांच्या गोठ्यात शेणात उभ्या राहून म्हणाल्या, "काका, तुमच्यापाशी राहिला तं या गोठ्यापुरता राहीन. मले द्या, मी याचं बीज पूर्णाकाठच्या गावोगाव पोचवतो. माहा शब्द हाय." काकांनी दावं त्यांच्या हातात दिलं.

हेला केंद्रात वाढला, रेत देऊ लागला. ताजं रेत काचेवर घेतलं की उकळत्या वरणासारखी चाल. मॅडम खूश. पहिली खेप गोठवली, वितळवली, पाहिली. नंबर झाकलेला होता. त्यांनी नजर काढली आणि म्हणाल्या, "नापास." मी पट्टी काढली. भुरा.

त्या उठल्या. माठातलं पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, दुसरी घ्या. तीही नापास. काही जनावरांचं असं असतं, ताजं रेत उत्तम असतं पण थंडी सोसत नाही. मग त्यांनी काय काय नाही केलं! बलक कमी-जास्त करून पाहिला, गोठवण्याआधी शीतकपाटात जास्त वेळ ठेवून पाहिलं, गावरानी अंडी आणून पाहिली. आम्हा लोकांची भुर्जी वाढली, भुऱ्याचा आकडा निम्म्यावर काही जाईना. आणि दर वेळी पट्टीखालून तोच निघायचा. मला तर पट्टी काढायचीच भीती वाटू लागली. मी काढताना त्या खिडकीबाहेर पाहायच्या.

आमचे साहेब साताऱ्याकडचे, माणूस चांगला. त्यांनाही भुरी जात टिकावी असं वाटायचं. एक दिवस ते प्रयोगशाळेत येऊन मॅडमच्या शेजारी बसले. म्हणाले, "मॅडम, थोडक्यात तर राहतंय. इतकं काय ताणायचं? शेवटी हा नजरेचाच खेळ आहे."

"हाव साहेब, नजरेचाच हाय. म्हनून तं नजर सांभायाची."

"अहो, पण तुमचाच लाडका हेला ना तो?"

"हेला माहा हाय, म्हैस माही नाई," मॅडम म्हणाल्या. "गावात एखांद्या बाईच्या दारात एकच म्हैस असते. आपन कांडी पास म्हनून देतो, ते उलटते, आन ते बाई पुढच्या माजाची वाट पाहात बसते. थे तिच्या नशिबाले दोष देईन. मले नाई देनार. म्हनून मले नाई जमत."

म्हैस उलटणं म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर येणं. साहेब उठले. "तुमच्याशी बोलून उपयोग नाही," म्हणाले, पण रागावून नाही म्हणाले.

शेवटी व्हायचं ते झालं. ज्याचं रेत गोठत नाही तो हेला केंद्रात ठेवता येत नाही. त्याला काढायचं ठरलं आणि उरलेल्या कांड्या फेकायच्या ठरल्या. मॅडमनी फोनवर कळवायचं नाकारलं, काकांनाच बोलावून घेतलं. काका धुतलेलं धोतर नेसून आले, टोपी हातात. त्यांना वाटलं हेल्याला काही दुखलंखुपलं. मॅडमनी सगळं सरळ सांगितलं, "काका, मी शब्द देल्ला होता, थो पुरा करता येऊन नाई राहिला."

काकांनी टोपी डोक्यावर चढवली. मग म्हणाले, "मले पाहू तं द्या, काय नाई होऊन राहिलं ते."

मॅडमनी एक कांडी वितळवली, काच गालाला लावली, थेंब ठेवला आणि काकांना सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं. म्हाताऱ्याला आधी काही दिसेना. पापण्यांचेच केस दिसत होते त्याला. मॅडमनी त्याच्या डोक्याला धरून नीट केलं. मग तो एकदम स्थिर झाला.

"हे माह्या हेल्याचे?"

"हाव."

"पोहून राहिले, बाप्पा!"

"हाव काका. पन निम्म्याच्या कमी हायत."

काकांनी डोळा न काढताच विचारलं, "मंग जे पोहून राहिले त्याईले काहून फेकता?"

 मी मॅडमकडे पाहिलं. ज्या बाईने मंत्रालयातून आलेल्या माणसालाही कधी उत्तर बाकी ठेवलं नाही, ती बाई उठली. त्या बाहेर व्हरांड्यात जाऊन उभ्या राहिल्या. परत आल्या तेव्हा तासभर झाला होता, काका तिथेच बसले होते. सवयीने त्यांनी ऊन पाण्यातली तीच कांडी पुन्हा पाहिली आणि मला म्हणाल्या, "भाऊ, पाहा बरं." मी पाहिलं. आधी जेवढे पोहत होते जवळपास तेवढेच अजून पोहत होते. भुऱ्याचे कमी उठत होते, पण जे उठत ते गार पडत नव्हते. हे दर तपासणीत दिसलं असणार, पण नापास झालेल्याकडे आम्ही त्या नजरेने पाहिलंच नव्हतं.

त्या तशाच साहेबांच्या खोलीत शिरल्या. एका कांडीत दुप्पट रेत भरायचं, म्हणजे निम्मे मेले तरी उरलेले पुरतील. कांड्या कमी होतील, पण होतील. काही म्हशींवर करून पाहू द्या.

साहेब म्हणाले, "म्हणजे तुम्ही नापास केलेलंच तुम्ही वापरायला मागताय?"

"हाव. पन सांगून. म्हशीवाल्याले म्हाईत पाह्यजे का हे नापास हाय. लपवून एकबी कांडी नाई."

साहेबांनी वरच्या कचेरीतून परवानगी आणली. हेल्याला तोवर मुदत मिळाली. मॅडमनी काकांना विचारलं, "तुमच्या म्हशीवर करू का? उलटली तं तुमचा माज जाईन. मले शिव्या देजा."

काका म्हणाले, "शिव्या तं मनात आत्ताच देऊन राहिलो. करा."

दिवाळीनंतर म्हशी माजावर येऊ लागल्या. काकांचा आणि भोवतालच्या गवळ्यांचा फोन आला की मॅडम स्वतः जायच्या. दुसऱ्या कोणाला हात लावू द्यायच्या नाहीत. कांडी वितळवताना जीपमधल्या आम्हा सगळ्यांना श्वासही हळू घ्यायला लावायच्या. आधी त्या गवळ्याला सांगायच्या, हे नापास हाय, करायचं का? काही नाही म्हणाले, काहींनी होकार दिला. त्यातल्या बऱ्याच म्हशी उलटल्या. मॅडम प्रत्येक घरी जाऊन बोलणी ऐकून घ्यायच्या. त्यांना कोणी बोलतंय आणि त्या ऐकून घेताहेत, हे पाहणं मला जड गेलं, खरं सांगतो.

काकांच्या दोन म्हशी मात्र उलटल्या नव्हत्या. माघात आम्ही तपासायला गेलो. हातमोजा चढवून मॅडमनी पहिली म्हैस आतून तपासली. रिकामी. दुसरीच्या मागे उभ्या राहिल्या. खांद्यापर्यंत हात आत, कपाळ म्हशीच्या पुठ्ठ्याला टेकलेलं, डोळे मिटलेले. काका खांबाला धरून उभे होते. फार वेळ गेला असं मला वाटलं. मग मॅडमनी हात काढला, मोजा उलटा केला आणि काकांवर ओरडल्या, "टाकं किती दिवसापासून घासलं नाई हो हे? गाभन जनावराले असं शेवायाचं पानी पाजता?"

काका टाकं घासायला धावलेच. टाक्यापाशी गेल्यावर त्यांना वाक्यातला मधला शब्द कळला. ते तिथेच खाली बसले. मॅडम जीपच्या पलीकडे जाऊन हात धूत राहिल्या, हात कधीच स्वच्छ झाले होते तरी.

एवढ्याने हेला पास झाला असं समजू नका. गाभण राहिलेल्या म्हशी थोड्या, उलटलेल्या जास्त, आणि हे मॅडमनीच लिहून कळवलं. हेल्याला केंद्रातून काढलं. पूर्णाकाठच्या एका गावाने त्याला सांभाळायला घेतलं, ती व्यवस्थाही मॅडमनीच लावली.

आषाढात मॅडम गेल्या. आदल्या दिवशी संध्याकाळी मला बलक फोडल्याबद्दल रागावल्या होत्या, सकाळी आईने चहाला हाक मारली तर उठल्या नाहीत. निवृत्तीला थोडा अवकाश होता. मला त्यांची फार आठवण येते. कोणावर माया असली की आपण गोड बोलतो, आणि गोड बोलणाऱ्यांची मला कमी नाही. पण माझं काम पाहून तोंडावर नापास म्हणणारं माणूस आता उरलं नाही.

त्यांच्या जागी नवे डॉक्टर आले आहेत, तरुण आहेत, हुशार आहेत. सूक्ष्मदर्शकाला आता संगणक जोडला आहे. तो पडद्यावर प्रत्येक शुक्राणूची वाट रेघेने दाखवतो आणि आकडा आपोआप देतो. चांगली सोय आहे. मॅडमनी त्यालाही ताप येतो का विचारलं असतं, पण वापरला असता.

भाद्रपदात काका केंद्राच्या फाटकात आले. हातात झाकण बांधलेली किटली. म्हैस व्याली होती, मॅडमसाठी पहिला चीक आणला होता. त्यांना कोणी कळवलं नव्हतं. मी सांगितलं. त्यांनी किटलीच्या झाकणाची गाठ घट्ट केली, मग म्हणाले, "चीक तं टिकत नाई ना जी." आम्ही दोघं ती किटली घेऊन मॅडमच्या घरी गेलो. आईने विचारलं, कशाचा चीक? काकांनी त्या माउलीला सगळं सांगितलं, काचेपासून, मोज्यापासून, काही न गाळता. आईने मध्ये एकदाही तोंड फिरवलं नाही. नंतर म्हणाली, "रंग कसा आहे हो पिल्लाचा?"

पुढच्या रविवारी मी पिल्लू पाहायला गेलो. भुरंच होतं, अंगावर ऊन पडलं की सोनेरी दिसायचं. पण मादी नव्हती, हेला होता. म्हशीच्या नर पिल्लाला कोण दूध पाजतं? बहुतेक गोठ्यांत ते चार दिवसांत वाळून मरतं. काकांनी मात्र त्याला दोन सड सोडले होते आणि पीत असताना त्याच्या पाठीवरून हात फिरवत होते.

"याचं थंडीत टिकन का?" त्यांनी विचारलं.

"आत्ता नाई सांगता येत, काका. बापावर गेला असन तं नाईबी टिकनार. तीनेक वर्सांनं रेत देईन, तवा गोठवून पाहू."

"कोन पाहीन?"

मी म्हणालो, नवीन डॉक्टर हायत, कंप्युटर हाय. काकांनी पुन्हा विचारलं, "पाहीन कोन?"

"मी पाहीन," मी म्हणालो. "नंबर झाकून पाहीन. पन काका, आधीच सांगून ठेवतो, कमी निघालं तं मीबी नापास करीन."

काकांनी पिल्लाचं तोंड धरून दुसऱ्या सडाला लावलं.

"करजा नापास," ते म्हणाले. "पन पाहून करजा."